तळपायाचं मलम

"आठ नंबर पुरत नाही, नऊ लाव," आत्याबाई म्हणाल्या. "कडेनं पांढरं दिसतंय."

मी आरशासमोर बसले होते आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, टिकल्यांचा डबा घेऊन माझ्यामागं उभ्या होत्या. मी आठ नंबरची टिकली काढली, नऊ नंबरची लावली. मरून रंगाची, वेल्वेटची, घरच्याच मशीनवर पाडलेली. आत्याबाईंनी लांबून बघितलं, जवळून बघितलं, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"झाकलं. आता पाहुणे जाईपर्यंत कपाळाला हात लावायचा नाही. घाम पुसायचा नाही. आणि हसायचं बेतानं."

बेतानं हसण्याची मला पाच वर्षांची सवय होती, त्यामुळं तेवढी अट सोपी होती. घामाचं अवघड होतं. एप्रिल महिना, दुपारचे तीन, करमाळ्याचं ऊन आणि वर पत्रा. पण इंदापूरचे तिवाटणे आमच्या प्रणिताला, म्हणजे माझ्या नणंदेला, बघायला येणार होते आणि अशा दिवशी सुनेला घाम येणं हा आमच्या घरात गुन्हाच होता.

आमचा धंदा बांगड्या-टिकल्यांचा. बांगड्या वाडवडिलांपासूनच्या, टिकल्या मात्र आत्याबाईंनी आणलेल्या. वेल्वेटचे डिंक लावलेले ताव बाहेरून यायचे, मामंजी, म्हणजे सासरे, साच्यानं टिकल्या पाडायचे आणि आम्ही बायका दुपारी टीव्ही बघत त्या पाकिटांवर चिकटवायचो. पाकिटावर नाव 'द्वारका टिकली'. द्वारका हे आत्याबाईंचंच नाव. एवढ्यावरून आमच्या घरात टिकलीला काय मान होता ते समजून घ्या. साचे एक ते दहा. एक नंबर म्हणजे मोहरी, दहा नंबर म्हणजे रुपयाचं नाणं. मी परांड्याहून लग्न होऊन आले तेव्हा दोन नंबर लावायचे. दोनापासून नऊपर्यंत माझी जी प्रगती झाली, तिचं सगळं श्रेय मी एकटीनं घेणार नाही. घरच्यांचा फार हातभार होता.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी टिकलीखाली खाज सुटायला लागली. आधी लाल झालं, मग बारीक पुरळ, मग पाणी यायला लागलं.

"आत्याबाई, टिकलीनं तर होत नसेल?" मी एकदा धीर करून विचारलं.

"सगळा तालुका आपली टिकली लावतो. तालुक्याला काही होत नाही, तुझ्याच कपाळाला बरं नखरे सुचतात. उष्णता आहे अंगात. सब्जा पी."

मी सब्जा प्याले. सब्जानं काय व्हायचं ते झालं, म्हणजे काही नाही.

मग घरातली ट्यूब आली. मामंजींच्या तळपायांना सोरायसिस होता. भेगा पडून रक्त यायचं, मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरून जावं लागायचं. सोलापूरच्या डॉक्टर बिडवईबाईंनी त्यांना एक मलम दिलं आणि महिन्याभरात ते चपला घालून दुकानात जायला लागले. झालं. तेव्हापासून ती ट्यूब आरशाच्या फळीवर टूथपेस्टच्या शेजारी जाऊन बसली आणि सगळ्या घराची झाली. डास चावला, ट्यूब. प्रणिताला पुटकुळी आली, ट्यूब. शेजारच्या काकूंच्या नातवाला लंगोटाखाली लाल झालं, वाटीतून थोडी ट्यूब. डॉक्टर एक, रोगी एक आणि औषध घेणारे सात.

"तळपाय बरे झाले, तर कपाळ काय चीज आहे," असं म्हणून आत्याबाईंनी स्वतःच्या बोटानं माझ्या कपाळाला ते लावलं. आणि खरं सांगते, दोन दिवसांत खाज गेली. मला वाटलं, सुटले. टिकली लावली, चौथ्या दिवशी खाज हजर. पुन्हा मलम, पुन्हा टिकली, पुन्हा खाज. शेवटी आत्याबाईंनीच युक्ती काढली. आधी मलम लावायचं आणि त्याच्यावरच टिकली चिकटवायची. रोग आणि औषध एकाच जागी, म्हणजे कुणाला कुणाची वाट बघायला नको.

असं मी दोन वर्षं केलं. रोज, सणासुदीला दोनदा. कपाळाच्या मधली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, तिच्यात लाल बारीक शिरा दिसायला लागल्या, आणि मधोमध एक पांढरा गोल उमटला. गोल वाढला की आत्याबाई मोठ्या नंबरची टिकली द्यायच्या. मोठी टिकली आली की गोल तिच्या मापाला येऊन पोचायचा. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एकदा दाखवलं. "आईला विचार," म्हणाले. ह्यांचं सगळ्यावर हेच औषध होतं.

पाहुणे यायच्या पंधरा दिवस आधी मामंजी सोलापूरला निघाले. दर तीन महिन्यांनी पाय दाखवायला जायचे, डॉक्टरीणबाईंची तशी ताकीदच होती. डबा आणि पाण्याची बाटली धरायला कुणीतरी हवं म्हणून मला नेलं. बिडवईबाईंनी त्यांचे तळवे बघितले, बोटानं दाबून बघितले, वहीत लिहिलं आणि विचारलं, "काका, महिन्याला किती ट्यूब लागतात?"

"तीन."

"मी एक सांगितली होती."

"घर मोठं आहे," मामंजी म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "तुम्ही जरा इकडं या. टिकली काढा."

मी मामंजींकडं बघितलं. सासऱ्यासमोर टिकली काढायची म्हणजे मला कसंतरीच झालं. पण त्या बाईंच्या आवाजात असं काही होतं की मामंजी स्वतःच उठून खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मी टिकली काढली. बाईंनी भिंग लावून बघितलं, बोट फिरवलं, आणि ते बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

"काय लावता इथं?"

"मामंजींचं मलम."

"तळपायाचं?"

"हो."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

बाईंनी माझा हात ओढून तळवा वर केला आणि दुसऱ्या हातानं माझ्याच पापणीची कातडी चिमटीत धरली. "ही बघा किती जाड आणि ही किती पातळ. तळपायाला असं जबर स्टेरॉइडचं मलम लागतं, कारण तिथनं ते आत शिरतच नाही. चेहऱ्यावर तेच मलम कितीतरी पट शिरतं. त्यात तुम्ही वरनं टिकलीचं झाकण लावलंत. झाकलं की आणखी शिरतं. दोन वर्षं तुम्ही कपाळ खरवडलंत म्हणा."

"म्हणजे मलम वाईट आहे?" मामंजी खिडकीकडूनच म्हणाले. त्यांचा आवाज घाबरलेला होता.

"काका, वाईट असतं तर मी तुम्हाला दिलं असतं का? याच मलमानं तुम्ही चालताय. ते बंद करायचं नाही. ज्याला दिलंय त्यानं, जिथं सांगितलंय तिथं, जेवढे दिवस सांगितलंय तेवढेच दिवस लावायचं, आणि मला येऊन दाखवायचं. एवढंच आहे. फळीवर ठेवून गावाला वाटायचं ते औषध नाही."

मी हळूच विचारलं, "बाई, हे कोड आहे का?"

"नाही. गोल बघा, पेल्यानं छापल्यासारखा. टिकलीएवढाच, आणि टिकली होती तिथंच. डिंकातल्या रसायनानं रंग गेलाय, मलमानं कातडी पातळ झालीय. आणि कोड असतं तरी आभाळ कोसळत नाही, ते कुणाला लागत नाही. पण हे ते नाहीच."

त्यांनी नवी ट्यूब लिहून दिली, सौम्य. रात्री एकदा, मुगाच्या दाण्याएवढं, पातळ पसरून. आठ दिवस रोज, मग आठ दिवस एक दिवसाआड, मग दाखवायला या. एकदम बंद करायचं नाही, एकदम बंद केलं तर उलटून येईल. आणि टिकली तीन महिने अजिबात नाही.

येताना एसटीत, टेंभुर्णी गेल्यावर, मामंजी एकदाच म्हणाले, "मी पाकिटं विकत होतो. मला कळायला पाहिजे होतं." पाच वर्षांत ते माझ्याशी एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलले.

घरी आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. 'स्टेरॉइड' हा शब्द आला तेव्हा विचारलं, "ते पैलवान घेतात ते? ते कशाला लावलंस गं कपाळाला?" जणू मीच ते चोरून तालमीतनं आणलं होतं. मग टिकली बंद म्हटल्यावर मात्र त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"टिकलीवाल्यांची सून बिनटिकलीची? आणि पंधरा दिवसांवर तिवाटणे आलेत? त्या बाईला सांग, पाहुणे होऊन जाऊ देत, मग सहा महिने लावू नकोस."

नवं मलम मात्र त्यांनी मनावर घेतलं. फार मनावर घेतलं. "मुगाएवढं? मुगानं काय होतंय. वेळ कमी आहे, दाबून लाव. तीन वेळा लाव." दाबून लावलं. वर आठ नंबर.

तिवाटण्यांचं महत्त्व मी सांगायचं राहिलं. आमच्या टिकल्यांचे वेल्वेटचे ताव त्यांच्याकडूनच यायचे. डिंक लावलेले, तयार. म्हणजे होणारा व्याही हाच माल देणारा. आत्याबाईंना हे स्थळ इतकं आवडलं होतं की त्यांनी पत्रिकासुद्धा दोनदा बघून तिसऱ्यांदा बघितली नाही. आणि घरात पांढरा डाग असलेली बाई आहे असं दिसलं, तर पाहुणे चहासुद्धा पूर्ण पिणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. शिवाय मला आणखी एक गोष्ट माहीत होती. परांड्याला माझी धाकटी बहीण रेश्मा बावीस वर्षांची होती आणि त्याच महिन्यात तिलाही भूमचं एक स्थळ बघून गेलं होतं. आमच्या समाजात बातमीला एसटीचं तिकीट लागत नाही.

तर पाहुणे आले. तिवाटणे, त्यांच्या मंडळी विजयाबाई आणि मुलगा सुहास. तिवाटणे मोठ्या आवाजाचे, विजयाबाई अगदी हळू. हिरव्या काठाचं लुगडं आणि कपाळाला ठसठशीत मोठी टिकली, दहा नंबर. आत्याबाईंनी डोळ्यांनीच मला दाखवलं, बघ, शोभते की नाही. सुहास खाली मान घालून बसला होता, बघायला तोच आणला आहे असं वाटावं असा.

प्रणितानं पाणी दिलं, प्रश्न झाले, शिक्षण, स्वयंपाक, शिवण. ठरलेलंच सगळं. मग पोहे द्यायचं काम माझ्याकडं होतं. ताटात पाच बशा, पत्र्याखालची गरमी, कपाळावर बोटभर जाड मलम, आणि त्या तेलकट थरावर नऊ नंबर. मी तिवाटण्यांच्या समोर वाकले. कपाळावर काहीतरी सरकल्यासारखं झालं. हात दोन्ही ताटाला. मी नुसती बघत राहिले.

टिकली त्यांच्या पोह्यांवर पडली. मधोमध, खोबऱ्याच्या बाजूला. नऊ नंबर, मरून, फार छान दिसत होती.

तिवाटण्यांनी आधी बशीकडं बघितलं, मग माझ्या कपाळाकडं. ह्यांनी पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता.

"हे काय," तिवाटणे म्हणाले. "कोड आहे काय घरात?"

मला वाटलं, आत्याबाई आता गडबडतील. पण त्या बाईचं कौतुक करावं तेवढं थोडं. पदर सावरून, आवाज खाली आणून त्या असं बोलल्या की जणू कधीपासून सांगायचंच होतं.

"आमच्या घरात नाही हो. आमच्या रक्तात सात पिढ्या डाग नाही. हिच्या माहेरचं आहे ते. लग्नात लपवलं त्यांनी, आता काय करणार, पदरी पडली म्हणून सांभाळतोय. आमच्या प्रणिताचा त्याच्याशी काही संबंध नाही."

मी ताट घेऊन तशीच वाकलेली होते. एका वाक्यात प्रणिता स्वच्छ, घर स्वच्छ, 'द्वारका टिकली' स्वच्छ. वर मला सांभाळल्याचं पुण्य. आणि परांड्याला माझे वडील लबाड, आणि रेश्मा घरात बसली. ती बातमी संध्याकाळच्या गाडीनंच निघणार होती आणि भूमला सकाळी पोचणार होती. मी मामंजींकडं बघितलं. सोलापूरला खिडकीशी उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आपल्या पायांकडं बघत होते.

ह्यांच्याकडं मी बघितलंच नाही. पंख्याला त्रास नको.

मी ताट टेबलावर ठेवलं. पदरानं कपाळ पुसलं, सगळं मलम निघेपर्यंत पुसलं, आणि पदर खोचला.

"मामा, बघा नीट," मी तिवाटण्यांना म्हणाले. "कोड नाही हे. टिकलीच्या डिंकानं झालंय. खाज सुटली म्हणून मी त्यावर मामंजींच्या तळपायाचं मलम लावलं, दोन वर्षं, वरनं टिकली चिकटवून. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. माझ्या माहेरी कुणाला काही नाही. माझ्या वडिलांनी काही लपवलं नाही. लपवलं ते या घरात, नऊ नंबरखाली."

"वैजू, तोंड सांभाळ," आत्याबाई म्हणाल्या.

"डिंक?" तिवाटणे म्हणाले. "म्हणजे आमचा माल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सासरचा धंदा बुडवायला निघाले होते, त्याच वाक्यात व्याह्यांचाही बुडवला. एका दगडात किती पक्षी याला काही हिशेबच राहिला नव्हता.

"अहो, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "उन्हाळा सोसत नाही तिला."

"नाही झाला परिणाम." हे मामंजी बोलले. सगळ्यांनी वळून बघितलं, कारण त्यांचा आवाज ऐकायची कुणाला सवयच नव्हती. त्यांनी चप्पल काढली आणि उजवा पाय खुर्चीच्या दांडीवर वर धरला, पाहुण्यांसमोर, अगदी तळवा दिसेल असा. "माझ्या या पायाचं मलम तिच्या कपाळाला गेलं. डॉक्टरीणबाई मलाच ओरडल्या. मी तिथं होतो. पोरगी खरं बोलते."

मग त्यांनी पाय खाली ठेवून चप्पल घातली. तिवाटणे उठले. "घरी जाऊन कळवतो," म्हणाले. आमच्याकडं घरी जाऊन कळवतो म्हणजे काय ते प्रणितालासुद्धा कळलं. ती आत जाऊन रडली. विजयाबाई सगळ्यांच्या शेवटी उठल्या. उंबऱ्याशी थांबून त्यांनी माझ्या कपाळाकडं इतका वेळ बघितलं की मलाच मान खाली घालावी लागली.

पुढचे आठ दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. तसा त्याआधीही संवाद काही ओसंडून वाहत नव्हता, पण आता भांडीसुद्धा माझ्यापासून लांब ठेवली जायची. प्रणितानं एकदाच तोंड उघडलं. "वहिनी, तू गप्प बसली असतीस तर माझं लग्न ठरलं असतं."

"तुझं ठरलं असतं," मी म्हटलं. "माझ्या रेश्माचं मोडलं असतं." पण मला प्रणिताचं वाईट वाटत होतं. ती बिचारी फक्त शिवणाबद्दल विचारायची वाट बघत बसली होती.

मलम मी रात्री मुगाएवढं लावत होते, टिकली लावत नव्हते. आत्याबाई माझं कपाळ दिसलं की तोंड फिरवायच्या, जणू मी उघडी फिरते आहे.

नवव्या दिवशी दुपारी दुकानात मी एकटी होते. विजयाबाई आल्या. एकट्या, हातात पिशवी, इंदापूरहून एसटीनं. मला वाटलं, नकार द्यायला माणूस एवढ्या उन्हात कशाला येईल, पत्र टाकलं असतं तरी चाललं असतं.

"आत चल," त्या म्हणाल्या. पडद्यामागं माल ठेवायची खोली होती, तिथं आम्ही दोघी उभ्या राहिलो. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कपाळावरची दहा नंबर नखानं सोडवून काढली.

खाली गोल होता. पांढरा, पेल्यानं छापल्यासारखा.

"चोवीस वर्षं," विजयाबाई म्हणाल्या. "लग्नानंतर तीन वर्षांनी उमटला. आधी खाज, मग हे. आमच्या घरात तावच यायचे, मी पहिल्यापासून तेच लावते. मेडिकलमधनं कसकसल्या ट्यूबा आणून लावल्या. बरं व्हायचं, पुन्हा यायचं. सासूबाई म्हणाल्या, कोड आहे, माहेरचं आहे. मी मान्य केलं. मला काय माहीत होतं?"

त्या दिवशी माझ्याबद्दल आत्याबाई बोलल्या तेव्हा ही बाई समोर बसून ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं.

"तुझी ती डॉक्टरीण कुठं बसते?" त्यांनी विचारलं.

"सोलापूरला."

"आता गाडी आहे?"

मी दुकानाचं शटर खाली ओढलं. कुणाला विचारलं नाही, दुकानाकडंच येणाऱ्या मामंजींच्या हातात किल्ली दिली. त्यांनी विजयाबाईंच्या कपाळाकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "जा. मी सांगतो घरी."

एसटीत त्या खिडकीशी बसल्या, कपाळ तसंच उघडं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "प्रणिता आम्हाला पसंत आहे. ह्यांना पटायला महिना जाईल, मालावर आल्यामुळं चिडलेत. पण पटेल. ते सोड आता." मी सोडलं. लग्न त्याच वर्षी झालंही, आत्याबाईंनी ते आपल्याच हुशारीनं जमवलं असं पुढं वीस वर्षं सांगितलं. पण त्या दिवशी गाडीत विजयाबाईंचं लक्ष लग्नात नव्हतं. त्या सारखं स्वतःचे हात पालथे करून बघत होत्या.

बिडवईबाईंनी भिंग लावून बघितलं. "अंगावर आणखी कुठं डाग?"

"नाही."

"हात, ओठ, पाय? नीट आठवून सांगा."

"आठवायला कशाला पाहिजे. चोवीस वर्षं रोज सकाळी उठल्यावर आधी हातच बघते. आज पसरलं का, म्हणून."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "हे कोड नाही. डिंकानं रंग गेलाय. त्यात ट्यूबा लावून लावून कातडी पातळ केलीत तुम्ही. टिकली आजपासून बंद. मी देते ते मलम मोजून लावायचं, मी सांगेन तेव्हा थांबवायचं, मधे मेडिकलवाल्याचं ऐकायचं नाही. पण एक खरं सांगते, इतक्या वर्षांनी हा डाग पुरता भरेल असं मी म्हणणार नाही."

"नाही भरला तरी चालेल," विजयाबाई म्हणाल्या. "माझं काय आता. पण बाई, मला हे कागदावर लिहून द्याल? कोड नाही, रक्तातलं नाही, माहेरचं नाही. सही-शिक्क्यासकट."

"देते की." बाईंनी कागद ओढला. "नवऱ्याला दाखवायचंय?"

"नाही. बहिणीला."

बिडवईबाईंनी मान वर केली.

"माझ्या सासूबाईंनी सगळीकडं सांगितलं तेव्हा ती वीस वर्षांची होती," विजयाबाई म्हणाल्या. "ठरलेलं लग्न होतं. मुलाकडच्यांनी मोडलं. नंतर जे जे आले ते चौकशी करून परत गेले. ती मला कधी काही म्हणाली नाही. भावाकडं असते, धुणंभांडी, स्वयंपाक, सगळं करते. आता चव्वेचाळीसची आहे."

बाईंनी बराच वेळ लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग वर थोडी जागा सोडली होती तिथं पेन टेकवून विचारलं, "चिठ्ठी कुणाच्या नावानं करू?"

"प्रमिला," विजयाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आधी कुमारी लिहा."